मुलांना गणिताची गोडी लागावी म्हणून त्यांना ऑलिम्पियाडसारख्या स्पर्धांना बसवावं का?

तुम्ही लिहिलंय की भांडुपच्या शाळेत नुकतेच रुजू झालात, आठवी-नववीचे वर्ग मिळालेत, गणिताच्या तासाला मुलं जांभया देतात आणि मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं, 'सगळ्यांना एखाद्या ऑलिम्पियाडला बसवून टाका.' बसवावं का?

सरसकट बसवू नका. स्पर्धेतली गणितं मात्र वर्गात जरूर आणा, आणि तीही सगळ्यांसाठी. मी परळ भागातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवते. फी भरली, हॉल तिकीट आलं, रविवारी पेपर देऊन आले, महिन्याभराने सर्टिफिकेट मिळालं, एवढ्याने कुणाला गणित आवडायला लागलेलं मी तरी पाहिलेलं नाही. क्रिकेटचं बघा ना. हॅरिस शील्डला शाळेचे अकराच जण उतरतात, पण मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग खेळत असतो. आपल्याकडे गणितात फक्त निवड चाचणी होते, मधल्या सुट्टीतला खेळ होतच नाही.

आधी नावांचा घोळ निस्तरू. 'ऑलिम्पियाड' हा शब्द कुणीही आपल्या परीक्षेला लावू शकतं आणि लावतातही. शाळेत माहितीपत्रकं येऊन पडतात, फी असते, मेडल असतं, प्रश्न मात्र पाठ्यपुस्तकातलेच, चार पर्यायांचे. ज्या वाटेने मुलं शेवटी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडपर्यंत पोचतात ती वेगळी. आधी आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा, मग आरएमओ म्हणजे विभागीय ऑलिम्पियाड, मग आयएनएमओ म्हणजे राष्ट्रीय ऑलिम्पियाड, मग शिबिर, आणि त्यातून देशाचे सहा जण. या सगळ्या कार्यक्रमाची सूत्रं मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहेत. तुम्हाला कुर्ल्याला हार्बरची गाडी पकडली की झालं. (सहावी आणि नववीची मुलं देतात ती होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा या केंद्राची नाही. ती विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची आणि विज्ञानाची. पालक दर वर्षी गल्लत करतात.)

आयओक्यूएम आठवीपासून देता येते. तीन तास, 30 प्रश्न, 100 गुण, आणि प्रत्येक उत्तर 00 ते 99 मधली पूर्ण संख्या. पर्यायच नसल्यामुळे तुक्का चालत नाही. सुरुवातीचे काही प्रश्न आठवीच्या धडपड्या मुलाला जमतात, पुढचे मला स्वतःलाही घाम फोडतात. पाचवी-सहावीसाठी पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानची बीएमटीएससी ही गणित प्रज्ञाशोध स्पर्धा चांगली आहे. शिष्यवृत्ती परीक्षा तर घराघरात माहीत आहे. तिचा फायदा आहेच, पण ती वेगाची परीक्षा आहे. वेगाबद्दल पुढे बोलते.

त्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडची एक गोष्ट मला फार आवडते, ती म्हणजे गुण देण्याची पद्धत. दोन दिवस, रोज साडेचार तास, आणि रोज फक्त तीन गणितं. प्रत्येकाला 7 गुण, एकूण 42. उत्तर आलं नाही तरी वाट बरोबर असेल तर 2 मिळतील, 3 मिळतील. ज्याला पदक मिळालं नाही पण सहापैकी एक गणित ज्याने पूर्ण सोडवलं, त्याला सन्माननीय उल्लेख मिळतो. जगातली सगळ्यात हुशार शाळकरी पोरं, आणि त्यांच्यात सहापैकी एक सोडवणं ही मान ठेवण्यासारखी गोष्ट! आपल्या वर्गात 40 पैकी 33 पडले तर आई विचारते, 'सात कुठे गेले?' हा हिशेब वर्गात बदलता आला तर निम्मं काम झालं. मी शुक्रवारच्या तासाला एकच गणित देते आणि 7 पैकी गुण देते. 'बाई, मला 3 पडले!' असं आनंदाने ओरडणारी मुलगी मी त्याआधी पाहिली नव्हती.

कसलं गणित द्यायचं? असं, की सुरुवात कुणालाही करता येईल. फळ्यावर 1 ते 10 लिहा. एकाने यायचं, कुठल्याही दोन संख्या पुसायच्या आणि त्यांच्या जागी त्यांच्यातला फरक लिहायचा. असं करत करत शेवटी एकच संख्या उरते. प्रश्न : ती 0 असू शकेल का? वजाबाकी येणारं प्रत्येक पोरगं वहीत करून बघतं. कुणाचे 3 उरतात, कुणाचे 1, कुणाचे 7. पहिली दहा मिनिटं नुसता बाजार. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, 'बाई, समच येत नाहीये.' इथे तुम्ही गप्प बसायचं. अगदी जीभ चावून गप्प. 'का येत नाही?' एवढंच विचारायचं.

कारण सोपं आहे, पण ते मुलांनी शोधायला हवं. दोन संख्या पुसून फरक लिहिला की फळ्यावरची एकूण बेरीज लहान संख्येच्या दुपटीने कमी होते, म्हणजे सम संख्येने. सुरुवातीची बेरीज 55, विषम. ती विषमच राहणार, मग 0 कुठून येईल? लगेच विचारा, 1 ते 11 घेतले तर? बेरीज 66, तेव्हा आशा आहे. मग 0 आणून दाखवा : 11 मधून 10, 9 मधून 8, असं खाली खाली या, सहा 1 उरतात आणि ते एकमेकांना खातात. त्यानंतर, 1 ते 10 मध्ये जास्तीत जास्त किती उरू शकेल? याचं उत्तर 9, पण ते सिद्ध करताना नववीची मुलं चांगलीच भांडतात. एका तासात सम-विषम, 'अशक्य आहे' हे सिद्ध करणं आणि नवा प्रश्न विचारणं, तिन्ही झालं. पाठ्यपुस्तकाच्या कुठल्या प्रकरणात हे बसतं असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

दुसरा प्रकार म्हणजे रिले. वर्गाचे चार-चार जणांचे गट करा, गट तुम्हीच पाडा, नाहीतर पहिले चार नंबर एका बाकावर येतात. प्रत्येकाला एक चिठ्ठी, पण दुसऱ्याचं गणित पहिल्याच्या उत्तराशिवाय सुटत नाही. माझी एक माळ देते. पहिली चिठ्ठी : 60 ला ज्या मूळ संख्यांनी पूर्ण भाग जातो त्यांची बेरीज करा. दुसरी : मागून आलेली संख्या म्हणजे बहुभुजाकृतीच्या बाजू, तिचे कर्ण किती? तिसरी : मागून आलेल्या संख्येच्या वर्गाचे शेवटचे दोन अंक कोणते? चौथी : तेवढ्या क्षेत्रफळाच्या चौरसाची परिमिती किती? बरोबर गेलात तर 10, 35, 25 आणि 20.

गंमत पुढे आहे. पहिल्याने 1 ला मूळ संख्या धरलं, आणि वर्गात कुणीतरी धरतंच, तर 11 येतात. अकरा बाजूंच्या आकृतीचे कर्ण 44, वर्ग 1936, शेवटचे अंक 36, परिमिती 24. कुठेही गाडी अडत नाही! चौरसही छान पूर्ण वर्गाचा मिळतो, म्हणून चौथ्याला शंकाच येत नाही. मी 24 ला 'चूक' एवढंच म्हणते, कुठे ते सांगत नाही. मग चौघं डोकं एकत्र करून मागे मागे जातात, आणि '1 मूळ का नाही' यावर जो वाद होतो तो मी फळ्यावर व्याख्या लिहून कधीच घडवू शकले नसते.

आता वेगाबद्दल. कोण आधी हात वर करतो, घंटा कोण दाबतो, असल्या स्पर्धा टाळा. तीन-चार मुलं सगळं पळवतात आणि बाकीचे प्रेक्षक होतात. माझ्या वर्गात तर मुली अशा वेळी हातच वर करत नाहीत, आणि रिलेमध्ये त्याच मुली बाकावरच्या मुलांना झापत असतात. वेळ द्या, कागद द्या, बोलायला द्या.

अडचण भाषेचीही आहे. आयओक्यूएम, आरएमओच्या जुन्या प्रश्नपत्रिका नेटवर मिळतात, पण बहुतेक इंग्रजीत. मराठी माध्यमाचं मूल गणिताआधी वाक्यातच अडकतं आणि 'मला येत नाही' म्हणून मोकळं होतं. गणित मराठीत सांगा, शेजारी इंग्रजी शब्द लिहून ठेवा. पाचव्या-सहाव्या शुक्रवारी ती आपणहून इंग्रजीतला प्रश्न वाचायला लागतात.

आणि ऑफ तासाला काही सुचलं नाही तर देवळालीच्या कापरेकर गुरुजींना शरण जा. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली वजा करा, पुन्हा तेच करा (999 आलं तर 0999 धरा). 3524 वरून 3087, मग 8352, मग 6174, आणि तिथून पुढे हलतच नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या संख्या तिथेच येऊन थांबतात. हे शोधणारा माणूस नाशिक जिल्ह्यातला शाळामास्तर होता, हे मुलांना आवर्जून सांगा.

मुख्याध्यापिकाबाईंना 'नाही' म्हणू नका, 'दिवाळीनंतर बघू' म्हणा. तोवर शुक्रवारचा एक तास मागून घ्या. सात-आठ आठवड्यांत कोण शनिवारीही त्याच गणितावर बोलतंय ते तुम्हाला दिसेलच. पुढच्या वर्षी त्यांनाच आयओक्यूएमला बसवा, पाच असोत नाहीतर पंधरा, आणि पालकांना आधीच सांगून ठेवा की 100 पैकी 15 आले तरी पेढे वाटायला हरकत नाही. पेपरच्या दुसऱ्या दिवशी तास मोकळा ठेवा. पेपर दिलेली मुलं त्यातली दोन-तीन गणितं फळ्यावर मांडतील, आणि जे बसले नव्हते तेही त्यात तोंड घालतील. तो तास कुठल्याही कारणाने दुसऱ्या विषयाला देऊ नका, चित्रकलेच्या सरांनी कितीही गळ घातली तरी.