पगाराचे भांडण आणि जमिनीचे भांडण

प्रश्न : मी धुळ्यात नोकरीला असून आमच्या कर्मचारी संघटनेचा सभासद आहे. सातपुड्यातील आदिवासींच्या वनहक्क मोर्चाला पाठिंबा द्यावा, असा ठराव गेल्या सभेत आला होता. त्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी "आपले भांडण पगाराचे, त्यांचे जमिनीचे, दोन्हींची गाठ कशाला मारायची?" असे विचारले आणि ठराव बारगळला. त्यांचे म्हणणे योग्य आहे काय?
— एक वाचक, धुळे

उत्तर : आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांची शंका उडवून लावण्यासारखी नाही, परंतु ज्या खान्देशात बसून त्यांनी ती विचारली, तेथेच या दोन भांडणांची गाठ पूर्वी पडलेली आहे. शहादा-तळोदा भागातील भिल्लांच्या जमिनी सावकारी आणि गहाणवटीच्या वाटेने मोठ्या शेतकऱ्यांकडे गेल्या, आणि कालचा जमीनधारक त्याच शिवारात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, झाला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरायचे, घेतलेली उचल वर्षअखेरीस फिटायची नाही, आणि पुढच्या आखाजीला तोच माणूस त्याच दारात उभा राहायचा. अशा माणसाची कमी मजुरी आणि गेलेली जमीन यांना दोन वेगळ्या खात्यांत कसे मांडणार? म्हणूनच अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली भिल्लांची चळवळ आणि शहरांतून आलेले डावे तरुण कार्यकर्ते एकत्र येऊन १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली, तेव्हा गेलेल्या जमिनी परत मिळवणे आणि सालदारांची मजुरी वाढवून घेणे, अशा दोन्ही मागण्या तिने एकदमच हाती घेतल्या. दारूचे अड्डे फोडायला पुढे आलेल्या बायांनी तर तिसरीही मागणी जोडली, जी पुरुष कार्यकर्त्यांच्या यादीत बहुधा आधी नसावी.

याच्याशी विलक्षण जुळणारी घटना ऑस्ट्रेलियात घडली आहे. तेथील वेव्ह हिल या गुरांच्या प्रचंड मळ्यावरील गुरिंजी आदिवासी २३ ऑगस्ट १९६६ रोजी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली बायकामुलांसह काम सोडून बाहेर पडले. समान वेतनाचा निवाडा होऊनही त्याची अंमलबजावणी १९६८ च्या अखेरीपर्यंत लांबवण्यात आली होती, त्यामुळे बाहेरच्यांना हा वेतनाचाच संप वाटला. पुढच्याच वर्षी मात्र त्यांनी आपल्या पूर्वजांची जमीन परत मागणारा अर्ज सरकारकडे धाडला. मजुरीसाठी पाठीशी उभ्या राहिलेल्या कामगार संघटनांपैकी अनेकांनी जमिनीची मागणी आल्यावरही हात आखडता घेतला नाही. अखेर १९७५ मध्ये पंतप्रधान व्हिटलम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत त्या जमिनीची माती ओतली.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने तर आदिवासींविषयीचे स्वतंत्र करारच केले आहेत. १९५७ च्या १०७ क्रमांकाच्या करारास भारताने १९५८ मध्ये मान्यता दिली. १९८९ च्या १६९ क्रमांकाच्या करारास मात्र अद्याप दिलेली नाही. या दुसऱ्या करारात जमिनीच्या हक्कांबरोबरच, मुकादमामार्फत नेलेल्या हंगामी मजुरांना संरक्षण द्यावे आणि कर्जापोटी कोणाला कामास जुंपू नये, असेही म्हटले आहे. उचल घेऊन नवराबायकोचा एक कोयता ठरवून दरवर्षी गुजरातेत ऊसतोडीला जाणारी नंदुरबारकडची कुटुंबे डोळ्यांसमोर आणा, म्हणजे जिनिव्हातील या संघटनेचे ते कलम फार लांबचे वाटणार नाही.

आता सहकाऱ्यांच्या शंकेतील खरा भाग. धरण, खाण किंवा कारखाना आला की कामगारांना रोजगार दिसतो आणि आदिवासींना विस्थापन. तेथे हितसंबंध खरोखरच आदळतात आणि भाषणांनी ते मिटत नाहीत. छत्तीसगडमधील दल्ली राजहराच्या लोहखनिजाच्या खाणींत कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांनी कामगार आणि शेतकरी यांचा मिळून लाल-हिरवा झेंडा उभारला, तो चालला, कारण तेथील अनेक खाणमजूर मुळात आसपासच्या खेड्यांतले आदिवासी आणि शेतकरीच होते. आपल्या कार्यालयात तशी स्थिती नाही, हे मान्य करूनच पुढे जावे.

तेव्हा ठराव पुन्हा मांडताना "जाहीर पाठिंबा" या दोन शब्दांवर थांबू नका. मोर्चेकऱ्यांना काय हवे ते आधी त्यांनाच विचारा. वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो आणि उपविभागीय समितीने दावा फेटाळल्यास जिल्हा समितीकडे दाद मागण्यासाठी ६० दिवसांचीच मुदत असते. रोज फायली हाताळणारे आपले चार सभासद रविवारी सातपुड्यातील धडगावला जाऊन अशी अपिले लिहून देऊ शकतील काय, हे पुढच्या सभेत त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनाच प्रथम विचारावे.