वाचकांचे प्रश्न : छावणीनंतर काय?

प्रश्न : संकटानंतर धान्य, ब्लँकेट, औषधे अशी मदत तातडीने पोहोचते, पण घरदार सोडून आलेली माणसे पुढे वर्षानुवर्षे छावणीतच राहतात. मदतीतून कायमचा तोडगा का निघत नाही? आपल्या देशात तसा तो निघाल्याचे एखादे उदाहरण आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टींचे उत्तर ब्रू समाजाच्या अनुभवात सापडते. मिझोराममध्ये राहणाऱ्या या आदिवासी समाजाला त्रिपुरात रिआंग म्हणतात. स्वायत्त जिल्हा परिषद, म्हणजे आपल्या भागाचा कारभार आपण पाहण्याचे अधिकार असलेले मंडळ, या ब्रूंच्या मागणीवरून १९९७ मध्ये मिझोराममध्ये तणाव वाढला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डम्पा अभयारण्यात राज्यात बहुसंख्य असलेल्या मिझो समाजातील एका वनरक्षकाची हत्या झाली आणि तिचा वचपा ब्रूंच्या वस्त्यांवर काढला गेला. हजारो माणसे राज्याची हद्द ओलांडून उत्तर त्रिपुरातील कांचनपूर आणि पानीसागर भागांत आली, आणि तेथील छावण्यांत त्यांची वीस वर्षांहून अधिक काळ गेला.

त्या छावण्यांत सरकारी मदत मिळत होती. प्रौढ माणसाला दिवसाला ६०० ग्रॅम तांदूळ आणि ५ रुपये, लहान मुलाला त्याच्या निम्मे. डाळ, तेल, मीठ, साबण हे सारे त्या पाच रुपयांत बसवायचे होते. ते बसत नसे, म्हणून मिळालेल्या तांदळातलाच काही भाग विकून लोक बाकीचा बाजार करीत. या मदतीने माणसे जगली, ही गोष्ट लहान नाही. परंतु जमीन कोणाच्या नावावर, रेशनकार्ड कोणत्या गावचे, मत कोठे द्यायचे आणि उद्या काम कोणते, यांपैकी एकाही प्रश्नाला शिध्याने उत्तर मिळत नाही, आणि छावणी लांबते ती याच प्रश्नांमुळे.

दरम्यान सरकारी प्रयत्नांचा सारा भर परत पाठवण्यावर होता. २०१८ मध्ये तसा करार झाला, तेव्हा छावण्यांत सुमारे ५,४०० कुटुंबे होती. त्यांपैकी जेमतेम सव्वातीनशे कुटुंबे परतली. उरलेल्यांना जिवाची शाश्वती वाटत नव्हती, शिवाय परत जायचे तर आपल्या माणसांची घरे एकमेकांजवळ असावीत आणि जमीन मिळावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्या काळात छावण्यांचा शिधाच थांबवण्यात आला, आणि २०१९ मध्ये त्याविरुद्ध ही माणसे रस्त्यावर उतरली. माझ्या मते त्या साऱ्या प्रकरणातला हा सर्वांत अन्यायाचा भाग होता. देशांतर्गत विस्थापनाविषयी संयुक्त राष्ट्रांनी १९९८ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे मांडली, त्यांत परतणे किंवा दुसरीकडे वसणे हे माणसाच्या स्वेच्छेने आणि सुरक्षितपणे व्हावे, असे स्पष्ट म्हटले आहे. पोटाला चिमटा घेऊन मिळवलेल्या होकाराला स्वेच्छा म्हणता येत नाही.

कोंडी फुटली ती १६ जानेवारी २०२० रोजी. केंद्र, त्रिपुरा, मिझोराम आणि ब्रू प्रतिनिधी यांच्यात करार होऊन सुमारे ३४,००० जणांना त्रिपुरातच वसवण्याचे ठरले आणि त्यासाठी ६०० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. प्रत्येक कुटुंबाला चाळीस बाय तीस फुटांचा भूखंड, घरासाठी दीड लाख रुपये, चार लाखांची मुदत ठेव, दोन वर्षे दरमहा पाच हजार रुपये आणि मोफत शिधा, तसेच त्रिपुराच्या मतदारयादीत नाव, असे त्याचे स्वरूप होते. शिधा येथेही आहे, पण तो दोन वर्षांपुरता आणि बाकीच्या गोष्टींचा आधार म्हणून. फरक पडला तो यामुळेच.

अर्थात करारावर सह्या झाल्या म्हणजे सारे मार्गी लागले असे नाही. वसाहतींच्या जागांवरून स्थानिक लोकांनी तीव्र विरोध केला, जागा ठरवून घरे उभी करण्यात वेळ गेला. शिवाय ब्रू हा पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावर झूम शेती, म्हणजे जंगल तोडून-जाळून केली जाणारी फिरती शेती, करणारा समाज. बाराशे चौरस फूट म्हणजे आपल्या हिशेबाने गुंठ्याहून थोडी अधिक जागा. तिच्यावर घर उभे राहते, शेती होत नाही. मासिक रक्कम बंद झाल्यावर हातांना काम काय, या प्रश्नाकडे मला आजही पुरेसे लक्ष दिसत नाही. म्हणून एखाद्या संस्थेला देणगी देताना किती पाकिटे वाटली एवढेच न विचारता, दाखले, शाळाप्रवेश आणि रोजगार यांसाठी तिची माणसे किती काळ तेथे थांबणार आहेत, हेही आपण अवश्य विचारावे.

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या वळिवडे कॅम्पातील पोलिश निर्वासित महायुद्ध संपल्यावर मायदेशी का गेले नाहीत?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काही जण गेले; बहुतेकांना जायला गावच उरले नव्हते. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये सैबेरियात आणि इतरत्र हद्दपार केलेली ही माणसे इराणमार्गे भारतात आली. १९४३ पासून वळिवड्यात सुमारे ५,००० जण राहत होते, त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक. त्यांच्यासाठी तेथे शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत. परंतु युद्धानंतर त्यांचा मुलूख सोव्हिएत संघात गेला, आणि ज्या सत्तेने हद्दपार केले तिच्याच अमलाखाली परतणे त्यांना मान्य नव्हते. त्यामुळे १९४८ पर्यंत ते ब्रिटन आणि अन्य देशांत विखुरले.

त्याच सुमारास फाळणीमुळे सिंधमधून आलेल्या कुटुंबांना याच बराकींत आसरा मिळाला. त्यांच्यापुढेही परतीची वाट नव्हती, पण त्यांना येथेच राहून व्यापार करण्याची मुभा होती. त्या वसाहतीचे पुढे गांधीनगर झाले, आणि कापडाच्या घाऊक खरेदीसाठी दुकानदार आज तेथे दूरदूरहून येतात.