साचा कोणत्या दिवसाचा?

लालबाग, मुंबई

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो काल रात्री चष्मा पुसून पुसून पाहिले. पहिल्याच प्रयत्नात, तयार किट न घेता, सनबोर्ड आणि पितळी तारेतून गिरणीतला माग उभा करायचा म्हणजे खायचं काम नाही. बाजूच्या ओतीव पायांची कमान तू इतकी नेमकी कापली आहेस की मी फोटो घरात सगळ्यांना दाखवले.

गंज कसा चढवायचा, असं तू विचारलंस. सांगतो. पण आधी तू मला सांग, तुझा हा साचा कोणत्या दिवसाचा आहे? (साचाच म्हणतो मी. गिरणगावात माग कुणी म्हणत नसे. साचा, आणि त्याचं खातं ते साचेखातं. तुझे आजोबाही तेच म्हणत असतील.)

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तुझा साचा त्याच्या आधीच्या आठवड्यातला असेल तर त्यावर गंज जवळजवळ नकोच. चालत्या यंत्राला रोज तेल मिळतं. तिथे काळपट, चिकट थर असतो. बेअरिंगच्या तेलाच्या भोकातून ओघळ खाली उतरलेला असतो, त्याला कापसाची फूस चिकटते आणि दोन्हींचा मिळून राखाडी लगदा होतो. गंज येतो तो गिरणी बंद पडल्यावर. साचेखात्याचं छप्पर करवतीच्या दातांसारखं, काचा उत्तरेला, म्हणजे उजेड मिळावा पण ऊन थेट आत येऊ नये. दोन दातांमधली पन्हळ गळायला लागली की पाणी एका रेषेत पडतं. त्यामुळे एकाच साच्याचं डावं अंग खाऊन गेलेलं आणि उजव्या अंगावर नुसती धूळ, असंही होतं. तू सगळीकडे सारखाच नारिंगी रंग लावलास, म्हणून तो गंज न वाटता रंग वाटतो आहे.

आणि नारिंगी तर फारच जपून. ओतीव लोखंड गडद तपकिरी, जवळजवळ चॉकलेटी होतं. ताजा नारिंगी गंज पत्र्यावर, बोल्टवर, खिळ्यांवर ठेव. ओतीव लोखंड वाळूच्या मोल्डमध्ये ओतलेलं असल्यामुळे जरा रवाळ दिसतं. प्रायमरमध्ये चिमूटभर टाल्कम पावडर मिसळून ब्रशचं टोक टेकवत टेकवत लाव, तसा पोत येतो. काळपट तपकिरी आधी, त्यावर मूळ रंगाचे उरलेले पोपडे, मग पातळ केलेल्या तेलरंगाचे ओघळ, आणि कोरडी भुकटी अगदी शेवटी. भुकटीसाठी पेस्टल खडू किसलेस तरी पुरे. मी चाळीच्या जुन्या गेटवरचा खरा गंज खरवडून, वस्त्रगाळ करून वापरतो.

फूस दाखवायला मात्र खरा कापूस वापरू नकोस. मोह होतो, मलाही झाला होता. कापसाचा तंतू पंधरा-वीस मायक्रॉनचा. तुझ्या १:२४ प्रमाणात (मॉडेल खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढं) तो खऱ्या मापाने जवळजवळ अर्धा मिलिमीटर जाड सुतळीसारखा दिसतो. फिकट राखाडी खडूची भुकटी मॅट वार्निश ओलसर असताना वरून गाळ, फूस तशीच बसते.

मापाचं एक कायमचं डोक्यात ठेव. तुझ्या प्रमाणात एक इंच म्हणजे जेमतेम १ मिलिमीटर. अर्ध्या इंची बोल्टचं डोकं इंचाहून थोडं कमी, म्हणजे मॉडेलवर १ मिलिमीटरहून लहान. तू लावलेले मणी २ मिलिमीटरचे आहेत. खऱ्या साच्यावर ती दोन इंची डोकी झाली! ते काढ. प्लास्टिकचा बारीक षटकोनी दांडा मिळाला तर त्याच्या चकत्या काप, नाहीतर टाचणीच्या टोकावर फेविकॉलचा थेंब घेऊन टेकव. थेंब वाळला की आकसतो, ते धरून चाल. ताण्याचे, म्हणजे उभे, हजारो धागे एकेक करून बसवायला जाऊ नकोस. जुनी ऑरगंझाची ओढणी घे, तिचे आडवे धागे सुईने ओढून काढ, उरलेले उभे धागे ताणून चिकटव.

आता माझी चूक सांगतो, कारण ती तुझ्याही फोटोत आहे. माझ्या पहिल्या साच्यात मी गजराच्या घड्याळातली सारखी दोन दातेरी चाकं बसवली होती. दिसायला झकास. आमच्याच मजल्यावर एक काका राहायचे, उभा जन्म साच्यावर गेलेला. त्यांनी मॉडेल खिडकीजवळ नेलं, वरचं चाक नखाने एक फेरा फिरवलं आणि म्हणाले, "एका ठोक्यात दोनदा धोटा फेकणार हा. ताणा तोडशील की रे." (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारी लाकडी होडी.) वरच्या वाकड्या दांड्याचा एक फेरा म्हणजे धागा ठोकून बसवणाऱ्या फणीचा एक ठोका, बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा. खालच्या दांड्यावर धोट्याला फटका मारणारे दोन उंचवटे असतात, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. धोटा एकदा इकडून, एकदा तिकडून जायचा तर खालचा दांडा निम्म्या गतीने फिरायला हवा. म्हणून खालच्या चाकाला दुप्पट दात, आणि चाकही दुप्पट मोठं. मी सगळं उचकटून पुन्हा केलं. तुझीही चाकं सारखीच आहेत. आत्ताच बदल, रंगानंतर बदलणं जिवावर येतं.

पट्ट्याच्या पुली बघ. त्या शेजारी शेजारी दोन असतात, एक दांड्याला पक्की, दुसरी मोकळी फिरणारी. हँडल ओढलं की पट्टा मोकळीवरून पक्कीवर सरकतो आणि साचा चालू होतो. तू एकच केली आहेस. पुलीचा मधला भाग किंचित फुगीर ठेव, त्यानेच पट्टा मध्यावर राहतो. सामानासाठी नागदेवी स्ट्रीटवर एक दुपार काढ. आणि भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊन कारागिरांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती बघ. हात कामावर कसे टेकलेत तेवढंच बघ.

कारण आता उरतो तो हाताचा भाग. ज्या ठिकाणी रोज हात लागतो तिथे रंगही टिकत नाही आणि चालत्या गिरणीत गंजही धरत नाही, तिथलं लोखंड गुळगुळीत चमकतं. ६बी पेन्सिलीचं शिसं बोटावर घेऊन तिथे घास, ती चमक हुबेहूब येते. पण कुठे घासायचं हे मी सांगू शकत नाही, मी साच्यावर कधी उभा राहिलो नाही. चौकट रंगवायच्या आधी आजोबांसमोर ठेव. हँडल कुठे धरायचे, धागा तुटला की कुठे रेलायचे, वाकताना दुसरा हात कशावर असायचा, ते त्यांना बोटाने दाखवायला सांग. तिथे पेन्सिलीने बारीक खूण कर आणि रविवारी मॉडेल घेऊन ये. तारेचं रीळ आणि दुप्पट दातांचं चाक काढून ठेवतो.

तुझा,
काका