जातीचा प्रश्न पोटाचा की अस्मितेचा? आधी जुना सातबारा काढा

तुमचा प्रश्न असा की, अमेरिकेत वंशभेदावर अस्मितेचं राजकारण हवं की आर्थिक उपाय, असा वाद आहे. कोकणात जातीचं काय?

"पोटाचं बघा, जात आपोआप जाईल" हे ऐकलं की डोकं फिरतं, म्हणून लिहितोय.

कूळकायदा शंभर टक्के पोटाचाच होता. 1 एप्रिल 1957 ला कसणारं कूळ मालक मानलं गेलं. जातीचा त्यात शब्द नाही. पण कलम 4 वाचा. पिकात वाटा घेणारा कूळ. रोख किंवा धान्यात मजुरी घेणारा गडी कूळ नाही. अर्धेलीवाला, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्याने कसणारा, मालक झाला, त्याच मळ्यात पायलीने भात घेऊन चिखलणी करणारा होता तिथेच राहिला. अर्धेली कोणाला आणि मजुरी कोणाला, हे कित्येक गावांत वाडीवरून, म्हणजे जातीवरूनच ठरलेलं. अमेरिकेच्या 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातही वंशाचं नाव नाही. वगळले फक्त शेतमजूर आणि घरकामगार. दक्षिणेतले बहुसंख्य काळे कामगार तिथेच राबत होते.

कूळ ठरले तेही सगळे सुटले नाहीत. कलम 32ग ची, म्हणजे जमीन खरेदीच्या चौकशीची, नोटीस आली की तारखेला हजर राहून "घेतो" म्हणायचं. मग किंमत ठरणार: कायम कुळाला खंडाच्या (जमिनीच्या भाड्याच्या) 6 पट, बाकीच्यांना आकाराच्या (सरकारी साऱ्याच्या) 20 ते 200 पट. ती भरली की 32म चं, म्हणजे खरेदीचं, प्रमाणपत्र. घरधनी मुंबईत गिरणीत, नोटीस गावात. तारीख चुकली, खरेदी बारगळली. काहींनी पैसे भरले पण 32म घेतलंच नाही. त्यांचं नाव अजून सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात, वर मालकाचे वारस. हायवेला भाव आला की हे वारस उगवतात.

गणपतीला गावी गेलात की चालू सातबाऱ्यावर थांबू नका. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून 1957 च्या आसपासचा उतारा काढा आणि त्यावर गोलात नंबर लिहिलेल्या प्रत्येक फेरफाराची (हक्कबदलाच्या नोंदीची) नक्कल घ्या. 32म सापडत नसेल तर पैसे भरल्याची पावती शोधा. ती बहुधा आजीच्या पत्र्याच्या पेटीत असते.

चवदार तळ्यावर 1927 ला पाण्याचा हक्क बजावणारे बाबासाहेब 1937 ला खोती, म्हणजे कोकणातली खोतांची सारावसुलीची जमीनदारी, मोडायचं विधेयक घेऊन विधिमंडळात उभे राहिले. तेव्हा इकडे अलिबागजवळच्या चरी गावात शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या मागे कुळांचा संप चालूच होता. यातलं पोटाचं कुठलं आणि अस्मितेचं कुठलं, ते पोटवाल्यांनी मला वेगळं काढून दाखवावं.

हां, पुतळ्याच्या वर्गणीला पुढे आणि फेरफाराच्या तारखेला गायब, असे पुढारी सगळ्याच वाड्यांत आहेत. आणि हे सगळं साध्या खासगी जमिनीचं सांगितलं. देवस्थानच्या जमिनीला ट्रस्टने 88ब चा, म्हणजे या खरेदीच्या कलमांतून सूट मिळाल्याचा, दाखला घेतलेला असेल तर तिथे 32ग शोधत बसू नका.