वाचकांचे प्रश्न: रिडायरेक्ट फिरतच राहतो, बघायचं कुठं?

प्रश्न (पर्वरीहून एक वाचक): आमची हॉटेल बुकिंगची साइट आहे, मराठी, कोंकणी आणि इंग्लिश अशी तीन भाषांत. समोर एफ५चा बिग-आयपी लोड बॅलन्सर (येणाऱ्या रिक्वेस्ट मागच्या सर्व्हरमध्ये वाटून देणारा), मागे दोन वेब सर्व्हर. डोमेन बदललं म्हणून आयरूल (बिग-आयपीवर चालणारी छोटी स्क्रिप्ट) लिहिला, जुनं डोमेन आलं की नव्यावर पाठवायचं, एचटीटीपी आलं की एचटीटीपीएसवर, आणि नुसतं होमपेज मागितलं की भाषेच्या पानावर. आता कुणाला "टू मेनी रिडायरेक्ट्स" (दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं फारच वेळा झालं) दिसतं, कुणाचं कनेक्शनच तुटतं, आणि लॉगमध्ये टीसीएल (आयरूल ज्या भाषेत लिहितात ती) एरर येतायत. चतुर्थीचं बुकिंग सुरू झालंय, लवकर सांगा. देव बरें करूं.

उत्तर: तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड एकत्र आलेत, म्हणून गोंधळ होतोय, ते आधी वेगळे करूया.

कनेक्शन तुटतं ते बहुतेक स्क्रिप्टमुळेच. तुम्ही पाठवलेल्या आयरूलमध्ये तीन 'इफ' एकाखाली एक सुटे आहेत. आता समजा कुणी जुन्या डोमेनचं होमपेज मागितलं, तर पहिली अटही खरी आणि तिसरीही खरी, म्हणजे एकाच रिक्वेस्टला दोन रिडायरेक्ट दिले जातात. रिडायरेक्टची कमांड दिली म्हणजे स्क्रिप्ट तिथे थांबली असं बऱ्याच जणांना वाटतं पण तसं नाहीये, ती खालच्या ओळी चालवतच राहते, दुसरा रिडायरेक्ट आला की टीसीएल एरर पडते आणि बिग-आयपी सरळ कनेक्शन रीसेट करतो. बिग-आयपीच्या एलटीएम लॉगमधली ती एरर पूर्ण वाचा, 'मल्टिपल रिडायरेक्ट' असं काही लिहिलं असेल तर हेच कारण.

प्रत्येक रिडायरेक्टनंतर 'रिटर्न' टाकलं की काम भागतं, पण मला त्याहून बरा मार्ग वाटतो तो म्हणजे आधी व्हेरिएबलमध्ये शेवटचा पत्ता पूर्ण तयार करायचा, होस्ट ठरवा, एचटीटीपीएस ठरवा, भाषा ठरवा, आणि सगळ्यात शेवटी एकदाच रिडायरेक्ट द्यायचा. यात ग्राहकाच्या दोन फेऱ्या वाचतात, गावाकडे नेटवर्क कमी असतं तिथे फोनवर हा फरक जाणवतो. आणि हो, 'रिटर्न' फक्त त्याच आयरूलमधून बाहेर पडतं. त्याच व्हर्च्युअल सर्व्हरवर (बिग-आयपीवरचा रिक्वेस्ट घेणारा पत्ता आणि पोर्ट) दुसरा आयरूल लावलेला असेल आणि त्यातही रिक्वेस्टचा इव्हेंट (रिक्वेस्ट आली की चालणारा भाग) असेल तर तो चालणारच. इव्हेंट डिसेबल करून टाकायचा सल्ला लोक देतात, पण मग तो त्या कनेक्शनपुरता बंदच राहतो आणि कीप-अलाइव्हवर, म्हणजे त्याच उघड्या कनेक्शनवर, येणाऱ्या पुढच्या रिक्वेस्टना नियम लागतच नाही. शक्यतो सगळं एकाच आयरूलमध्ये आणा.

आता फिरत राहणारा रिडायरेक्ट. इथे स्क्रिप्टला हात लावायच्या आधी रिडायरेक्ट देतंय कोण ते बघा. कर्लने (कमांड लाइनवरून पत्ता मागवून बघायचं साधन) एकेक पायरी हाताने तपासा, आपोआप पुढे जाऊ देऊ नका, उत्तरातला लोकेशन हेडर (पुढे कुठे जायचं ते) आणि सर्व्हर हेडर (उत्तर कुणी दिलं ते) दोन्ही वाचा. बिग-आयपीने स्वतः दिलेल्या रिडायरेक्टमध्ये सर्व्हर म्हणून 'बिगआयपी' असं येतं. तिथे अपाची किंवा एनजिनएक्स दिसलं तर रिडायरेक्ट मागच्या सर्व्हरचा आहे, मग आयरूल कितीही वेळा वाचलात तरी काही सापडणार नाही.

तुमच्या बाबतीत मला दाट शंका मागच्या सर्व्हरचीच आहे. एसएसएल (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन) लोड बॅलन्सरवर उघडलं जातं, मागे साधं एचटीटीपी जातं, आणि मागच्या अ‍ॅपमध्येही "एचटीटीपी आलं की एचटीटीपीएसला पाठव" असं लिहिलेलं असतं. ब्राउझर एचटीटीपीएसनेच आलेला असतो पण अ‍ॅपला ते कळत नाही, ते त्याला परत त्याच पत्त्यावर पाठवतं, आणि ब्राउझर कंटाळून सोडेपर्यंत हे चालतं, क्रोम साधारण २० रिडायरेक्टनंतर सोडून देतो. उपाय म्हणजे ४४३च्या (एचटीटीपीएसच्या पोर्टच्या) व्हर्च्युअल सर्व्हरवर 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' (ग्राहक कोणत्या प्रोटोकॉलने आला ते सांगणाऱ्या) हेडरमध्ये एचटीटीपीएस भरून पाठवा आणि अ‍ॅपला तो हेडर मानायला सांगा. हेडर 'इन्सर्ट' करू नका, 'रिप्लेस' करा, नाहीतर बाहेरून कुणी खोटा हेडर घालून पाठवला तर तोही आत जाईल. एचटीटीपीएसला पाठवायचा भाग फक्त ८०च्या (साध्या एचटीटीपीच्या पोर्टच्या) व्हर्च्युअल सर्व्हरवर हवा, तोच भाग ४४३वर तसाच लावला तरी असाच फेरा होतो.

अजून एक जागा जरूर बघा. होस्ट तपासताना तुम्ही 'कंटेन्स' वापरलंय. जुनं डोमेन एक्झाम्पल.कॉम आणि नवं बुकिंग.एक्झाम्पल.कॉम असं असेल, तर नव्या नावातही जुनं नाव आहेच, म्हणजे नव्या पत्त्यावर पोचलेल्या माणसालाही परत रिडायरेक्ट मिळणार. 'इक्वल्स' वापरा, आधी सगळं लहान अक्षरांत करून घ्या, आणि होस्टच्या शेवटी कधीकधी पोर्ट नंबर चिकटून येतो तोही काढा. भाषेचा नियम फक्त होमपेजच्या पाथलाच लागू दे. आणि जुन्या डोमेनचं सर्टिफिकेट चालू ठेवा हं, कारण एचटीटीपीएसमध्ये आधी सर्टिफिकेट तपासलं जातं, रिडायरेक्ट त्यानंतर. ते संपलं तर जुने ग्राहक इशाऱ्याच्या पानावरच अडकतील.

प्रश्न (म्हापशाहून): स्क्रिप्ट दुरुस्त केली, ऑफिसमधल्या सगळ्यांना बरोबर दिसतं, माझ्याच लॅपटॉपवर जुन्याच पत्त्यावर जातं. लोड बॅलन्सरच्या लॉगमध्ये माझी रिक्वेस्टच नाही!

उत्तर: लॉगमध्ये नाही कारण ती तिथवर पोचतच नाही. ३०१ म्हणजे कायमचा रिडायरेक्ट, ब्राउझर तो साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला विचारतही नाही. कॅशे साफ करा, किंवा खासगी विंडोत नाहीतर कर्लने बघा. क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये '३०७ इंटर्नल रिडायरेक्ट' दिसत असेल तर ते एचएसटीएसमुळे (या साइटवर एचटीटीपीएसनेच जायचं हा ब्राउझरने लक्षात ठेवलेला नियम) आहे, तेही ब्राउझर स्वतःच करतो.

म्हणूनच माझा आग्रह असतो की नवा नियम आधी ३०२ने, म्हणजे तात्पुरत्या रिडायरेक्टने लावा, सगळं नीट चालतंय अशी खात्री झाली की मगच ३०१ करा. बिग-आयपीची साधी रिडायरेक्ट कमांड ३०२च देते, ३०१ हवा तर 'रिस्पॉन्ड' वापरून लोकेशन हेडर द्यावा लागतो. वरच्या पर्वरीच्या वाचकांनाही हे लागू आहे, भाषेचा रिडायरेक्ट कधीच ३०१ करू नका, एकदा मराठी पान मिळालेल्या माणसाने नंतर ब्राउझरची भाषा कोंकणी केली तरी त्याला मराठीच मिळत राहील.

प्रश्न (फोंड्याहून): फॉर्म भरून पाठवला की रिडायरेक्टनंतर आतली माहिती रिकामी पोचते. आणि लिंकमधलं प्रश्नचिन्हानंतरचं सगळं गळतं.

उत्तर: ३०१ आणि ३०२वर ब्राउझर पोस्टचं (माहिती पाठवणारी रिक्वेस्ट) गेट (नुसतं पान मागणारी) करून टाकतात, मग फॉर्मची माहिती जाते कुठून? ३०७ किंवा ३०८ द्या, त्यात पोस्ट पोस्टच राहतं. खरं तर फॉर्मचा पत्ताच थेट नवा करून टाकलात तर जास्त बरं. प्रश्नचिन्हानंतरचं गळतं कारण तुम्ही नवा पत्ता 'पाथ'वरून बनवताय, त्यात क्वेरी येत नाही, 'यूआरआय' घ्या. तपासासाठी आयरूलमध्ये लॉगच्या ओळी टाकल्या असतील तर त्या फक्त तुमच्या स्वतःच्या आयपीपुरत्या ठेवा आणि काम झालं की काढून टाका, गर्दीच्या वेळी प्रत्येक रिक्वेस्टला लॉग लिहिणं बॉक्सला जड जातं.