सहा पाडली की दोन?

प्रश्न : १६ डिसेंबरला विजय दिनानिमित्त आमच्या सोसायटीत कार्यक्रम आहे. माझा सातवीतला नातू फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांच्यावर बोलणार आहे. शेजारच्या सरांनी लिहून दिलेल्या भाषणात ‘एकट्याने शत्रूची सहा विमाने पाडली’ असं वाक्य आहे. नातू म्हणतो, आजी, सहा नाही, दोन. खरं काय? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, नातवाचा कान उपटू नका, सरांचं वाक्य मात्र खोडा. सहा हा आकडा चालून आलेल्या विमानांचा आहे. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर पाकिस्तानची सहा सेबर विमानं आली. परमवीर चक्राच्या मानपत्रात असं आहे की, सेखोंनी एका सेबरवर मारा केला आणि दुसऱ्याला आग लावली. पोराने तेवढंच म्हणावं. त्यात कमीपणा कसला?

मी १९७३ साली एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम बघणारा कारागीर, म्हणून लागलो. सेखोंना मी पाहिलेलं नाही. त्यांचं विमान नॅट, त्यावर मात्र माझे हात काळे झालेत. इतकं बुटकं की बरीचशी कामं जमिनीवर उभं राहूनच व्हायची, शिडी लागायची नाही. दोन तोफा, ३० मिलिमीटरच्या. त्या ऐन वेळी अडकायच्या. त्यावरून आर्मररच्या, म्हणजे शस्त्रं सांभाळणाऱ्या, पोरांच्या तोंडची भाषा इथे छापता येणार नाही.

माझ्या मते भाषणाचा जीव झुंजीत नाही, त्याआधीच्या दोन-तीन मिनिटांत आहे. १९४८ पासूनच्या करारामुळे श्रीनगरला लढाऊ विमानं ठेवतच नसत. लढाई पेटल्यावर १८ स्क्वाड्रनची नॅट तिथे गेली. त्या सकाळी दोन नॅट तयारीत होती. पुढचं फ्लाइट लेफ्टनंट घुमान यांचं, मागचं सेखोंचं. घुमान यांचं विमान सुटलं, त्याची धूळ उडाली आणि धावपट्टीवर बॉम्ब पडू लागले. पुढचं नीट दिसत नाही, धावपट्टी शाबूत आहे की खड्डा पडलाय ते कळत नाही. अशात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, पुढे ढकलायचा! मी हँगरमधला माणूस, मला त्या धुळीचंच जास्त वाटतं.

वर गेल्यावर घुमान यांची नजरभेट तुटली, सेखों एकटे पडले. आधी त्यांनी बॉम्ब टाकून निघालेल्या जोडीला गाठलं, मग बाकीचे चौघे त्यांच्यावर आले. विमानाचे अवशेष दरीत सापडले, देह मिळालाच नाही. लुधियाना जिल्ह्यातल्या इसेवाल गावचा हा पंजाबी मुलगा. परमवीर चक्र मिळालेला एअरफोर्समधला आजवरचा एकमेव. शेवटी रेडिओवर ते काय बोलले याचे फिल्मी संवाद फिरतात, ते पोराच्या तोंडी घालू नका.

आणखी एक करा. खाली पार्किंगमध्ये नातवाला खडू द्या. पावणेसात मीटरची रेघ ओढायला सांगा: तेवढा नॅटचा पंखविस्तार, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमच्या कोलशेतच्या सोसायटीत मी ओढली होती, तर तीन गाड्यांच्या जागेतही ती पूर्ण मावली. वॉचमन म्हणाला, “काका, एवढंसंच?”