मुलगा १७ वर्षांचा आहे, आल्टो सॅक्सोफोन वाजवतो. त्याचे सर म्हणतात, ‘अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करवर ड्रमरने सिंबल (ड्रमबरोबरची पितळी झांज) फेकली म्हणून तो घडला, पोराला चारचौघांत अपमान सोसू द्या.’ आणि पार्करने शाळा सोडली म्हणून मीही कॉलेज सोडतो, असं मुलगा म्हणतो. काय करावं?

तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. सिंबलची ही गोष्ट नेहमी अर्धीच सांगितली जाते आणि तिच्या जोरावर शिकवणारे मुलांचा पाणउतारा करत राहतात. या मताशी माझा जुना वाद आहे, म्हणून उरलेली अर्धी सविस्तर सांगतो.

पार्करचा जन्म २९ ऑगस्ट १९२०चा, वाढला कॅन्सस सिटीत. १९३५ साली शाळा सुटली तेव्हा त्याच्याजवळ किती शिदोरी होती, ते त्यानेच पुढे सांगितलंय. ‘हनीसकल रोज’ हे गाणं पूर्ण येत होतं आणि ‘लेझी रिव्हर’चे पहिले आठ बार, म्हणजे तालाचे आठ भाग. दोन्ही एकाच पट्टीत. दुसऱ्या पट्ट्या असतात हे डोक्यातच नव्हतं. तेवढ्यावर तो एका जॅम सेशनला, म्हणजे वादकांच्या आयत्या वेळच्या बैठकीला गेला. तिथे ‘बॉडी अँड सोल’ निघालं, याने दुप्पट लयीत वाजवायचा प्रयत्न केला आणि लोक हसले. मग १९३६ साली कॅन्सस सिटीतलाच रेनो क्लब. काउंट बेसीच्या बँडचा ड्रमर जो जोन्स साथीला होता. पार्कर मध्येच भरकटला, तेव्हा जोन्सने सिंबल काढून जमिनीवर टाकली. डोक्यावर फेकली वगैरे नंतरची भर आहे.

आता मला सांगा, त्या सिंबलने पोराला काय शिकवलं? कोणत्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडीवर) कोणता स्वर बसतो? पट्टी बदलली की बोटं कुठे जातात? यातलं काहीच नाही. ते सगळं १९३७च्या उन्हाळ्यात झालं. जॉर्ज ली या गायकाच्या बँडबरोबर ओझार्कच्या डोंगरात एका रिसॉर्टवर त्याला काम मिळालं. सोबत बेसीच्या रेकॉर्ड नेल्या आणि त्यावरचे बेसीच्या बँडमधल्या सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगचे सोलो (एकट्याचं वादन) पाठ केले. पियानोवादक कॅरी पॉवेल आणि गिटारवाला एफर्ज वेअर यांनी कॉर्ड समजावून दिल्या. म्हणजे हाती पगार, डोक्यावर छप्पर, ऐकायला उत्तम माल आणि चूक झाली तर सांगणारी थोरली माणसं. आणि त्या रेकॉर्डवर ड्रम कोण वाजवतंय? हाच जो जोन्स. माझ्या मते पार्करला शिकवलं ते जोन्सच्या रेकॉर्डवरच्या तालाने. रियाझाबद्दल म्हणाल तर १९५४ साली सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंडशी रेडिओवर बोलताना पार्करने सांगितलं होतं की तीन-चार वर्षं तो दिवसाला ११ ते १५ तास वाजवायचा.

तुमच्या मुलाने हेच करावं. १९३६चं, बेसीच्याच वादकांचं, पण जोन्स-स्मिथ इनकॉर्पोरेटेड या नावाने निघालेलं ‘लेडी बी गुड’ घ्यायचं. त्यात लेस्टरचा ६४ बारांचा सोलो आहे, ३२ बारांचे दोन फेरे. खरी मेहनत अशी की लेस्टर वाजवतो टेनर, म्हणजे मोठा, खालच्या सुराचा सॅक्स, आणि तुमच्या मुलाच्या हातात आल्टो. गाणं पियानोच्या जी पट्टीत आहे. सॅक्सवर स्वरांची नावं पियानोहून वेगळी पडतात, म्हणून टेनरवाला ते ए मध्ये वाजवतो, आल्टोवाल्याला ई मध्ये, चार शार्प (चढवलेले स्वर) सांभाळत वाजवावं लागतं. त्याची बोटं बघून नक्कल करता येत नाही, कानच लागतो. खालचे काही स्वर आल्टोत नाहीतच, ते एक सप्तक वर घ्यायचे.

आधी वाद्य बाजूला ठेवून सोलो गाता यायला हवा, श्वासाच्या जागांसकट. मग चार-चार बार वाद्यावर शोधायचे. मूळ लयीत ऐकू येत नसेल तर ॲपवर ६० टक्क्यांपर्यंत खाली आणा, पण बसल्यावर मूळ रेकॉर्डबरोबरच वाजवा. पूर्ण वाजल्याशिवाय कागदावर लिहायचं नाही. नंतर मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) निम्म्या आकड्यावर ठेवून टिकटिक दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर धरायची. मग बाराही पट्ट्या. बहुतेक मुलं इथे फसतात ती स्वरांत नव्हे, जिभेत. प्रत्येक स्वराला जीभ मारली की चाल टणक होते. लेस्टरचं वादन एका श्वासात सरकतं. जीभ हलकी, तीही बहुतेक ठोक्यांच्या मधल्या स्वरांवर.

असं केल्याचं फळ ऐकायचं असेल तर पियानोवादक जे मॅकशॅनच्या बँडबरोबर पार्करचं १९४०च्या अखेरीस विचिटा इथे रेडिओसाठी झालेलं ध्वनिमुद्रण ऐका. त्यात ‘लेडी बी गुड’ आहे, आणि ‘बॉडी अँड सोल’सुद्धा, ज्यावर लोक हसले होते.

महाग वाद्यासाठी हट्ट करत असेल तर थांबवा. १९५३ साली टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये पार्कर प्लास्टिकचं ग्राफ्टन आल्टो वाजवत होता. अडीच नंबरच्या तीन-चार रीड (फुंकायच्या टोकाला लावायच्या पातळ पट्ट्या) आलटून-पालटून वापरा, पुसून सपाट ठेवा. पावसाळ्यात ओलं वाद्य पेटीत बंद केलं तर जी शार्पचं आणि खालच्या सी शार्पचं पॅड (भोक झाकणारी गादी) चिकटतं, कारण ती एरवी मिटलेलीच असतात. मुलगा म्हणतो सूर लागत नाही. आधी तिथे पातळ कागद दाबून ओल टिपा.

कॉलेज सोडू देऊ नका. तिसाच्या दशकातलं कॅन्सस सिटी रात्रभर जागं असायचं. पार्करने शाळा सोडली तरी लेस्टर त्याच गावात वाजवत होता, आल्टोवादक बस्टर स्मिथ पार्करला आपल्या बँडमध्ये शेजारी उभं करत होता. तुमच्या गावात हे रोज रात्री मिळत असेल तर पुन्हा विचारा.

पैशाचं स्पष्ट सांगतो: आपल्याकडे निव्वळ जॅझवर घर चालणं फार थोड्यांना जमतं. हॉटेल, लग्नं, रेकॉर्डिंग, शिकवण्या यावर चालतं. मुंबईत गोव्याचे वादक टिकले ते चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आल्यामुळे. रात्री डान्स बँड, दिवसा फिल्मचं रेकॉर्डिंग.

एक राहिलंच. नोव्हेंबर १९३६च्या मोटार अपघातानंतर पार्करला मॉर्फिन लागलं, पुढे हेरॉइन, आणि १२ मार्च १९५५ला वयाच्या ३४व्या वर्षी तो गेला. नशेने वादन सुधारतं असं म्हणणारा सरळ खोटं बोलतो, हे त्याने स्वतः १९४९ साली सांगितलेलं आहे. मुलाला हे वाचायला द्या.

आणि एका वाद्यावर थांबू नका. १९४२च्या अखेरीस पियानोवादक अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये जागा टेनरची होती, म्हणून पार्कर तिथे टेनर वाजवत होता. मुलाने वर्षभरात टेनर हाती घ्यावं, मग फ्लूट, कारण बोटं बरीचशी तीच राहतात. क्लॅरिनेट सर्वांत शेवटी: सॅक्सच्या वरच्या कळीने स्वर सप्तकभर चढतो, क्लॅरिनेटवर त्याच्याही पुढे पाचव्या स्वरावर जातो, त्यामुळे तीच बोटं वर वेगळे स्वर देतात आणि सुरुवातीला फार गोंधळ होतो.